पहिल्या पानावरची पेन्सिल

कवळीवाल्यांच्या घरी पुस्तकं किती आहेत, असं कोणी विचारलं की त्यांची बायको सांगते, "यांच्या कपाटात जेवढे खून झालेत, तेवढी माणसं आमच्या अख्ख्या गल्लीत राहत नाहीत." आणि त्यांतली यांनी वाचली किती, असं पुढे विचारलं की ती नुसती हसते आणि चहा टाकायला आत जाते.

कारण खरं सांगायचं तर कवळीवाले आता पुस्तकं वाचत नाहीत. जमवतात. या दोन गोष्टी एकच आहेत असं ज्याला वाटतं त्याने एकदा त्यांच्या कपाटाला हात लावून बघावा. "अहो अहो अहो!" करत ते धावत येतात, तुमच्या हातातून पुस्तक काढून घेतात, आधी हात पुसायला फडकं देतात आणि मग पुस्तक स्वतःच धरून तुम्हाला दाखवतात, तेही जेमतेम चार बोटं उघडून. जास्त उघडलं तर पाठीची बांधणी तडकते, आणि ती तडकली की पुस्तक गेलं कामातून. जुन्या रहस्यकथा, त्याही पहिल्या आवृत्तीच्या, त्याही लेखकाच्या सहीच्या, असला हा नाद. खुनी कोण ते शेवटच्या पानांत असतं, आणि तिथवर पुस्तक उघडायची यांची छाती होत नाही. आता याला काय म्हणावं!

कवळीवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे बसून ते आयुष्यभर कवळ्या बनवत आले. पुढच्या खोलीत बाई लोकांच्या तोंडाचे साचे घेतात, मागच्या खोलीत हे त्यात प्लास्टर ओततात, गुलाबी मेणात एकेक दात बसवतात, घासतात, चकाकवतात. टेबलावर कायम कोणाची ना कोणाची बत्तीशी हसत पडलेली असते. हात असा स्थिर की बाईसुद्धा मान डोलावतात. तोच हात त्यांनी पुस्तकांवर चालवला. जुनं पुस्तक आलं की रविवारी सकाळी ते खिडकीशी बसतात. मऊ ब्रशने धूळ झाडायची, दुमडलेला कोपरा दोन काचांमध्ये दाबून ठेवायचा, आणि कोणी पेन्सिलीने काही खरडलं असेल तर ते मऊ खोडरबराने, कागदाचा एक तंतूही न उचकटता, पुसून काढायचं. आधीच्या वाचकाचं नाव असो, नाहीतर कोणाचा टेलिफोन नंबर असो, सगळं साफ. पुस्तकावर लेखकाच्या सहीशिवाय दुसऱ्या कोणाचं अक्षर असलेलं त्यांना खपत नाही.

लेखकही एकच. तो वारून जमाना झाला, पण त्याच्या पिवळ्या पुठ्ठ्याच्या कादंबऱ्यांनी एकेकाळी घरोघरची झोप उडवली होती. पुढे नाव झाल्यावर तो मागेल त्याला निळ्या शाईत सही द्यायचा, त्यामुळे नंतरच्या पुस्तकांच्या सहीच्या प्रती शोधल्या तर सापडतात. पण पहिली कादंबरी! ती छापली तेव्हा त्याला ओळखत होतं कोण? सही मागणार कोण? पहिलीची सहीची प्रत आजवर कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. कवळीवाल्यांकडे पहिली होती, बिनसहीची का होईना, आणि ती त्यांना ताईकडून मिळाली होती.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नुसती थोरली म्हणून भागत नाही. वडील गेले तेव्हा हे जेमतेम अक्षरं गिरवत होते आणि ताई नुकतीच टेलिफोन ऑफिसात लागली होती. तिने यांना वाढवलं, शिकवलं, यांचं लग्न लावून दिलं आणि स्वतः मात्र एकटीच राहिली. संध्याकाळी कामावरून आली की ती यांना रहस्यकथा मोठ्याने वाचून दाखवायची, आणि खुनी सापडायच्या ऐन वेळी पुस्तक पटकन मिटून म्हणायची, "बाकीचं उद्या." यांचा जळफळाट व्हायचा. पण या नादाचं बी पडलं ते तिथेच.

अलीकडे ताईच्या डोळ्यांनी दगा दिला होता. उजेड आणि सावली एवढंच तिला कळायचं. वाचणं सुटलं तसं तिने शेल्फ रिकामं केलं. "घे, ही पण तुझ्या वेडात घाल," असं म्हणून पुस्तकांची पिशवी यांच्या हातात दिली, आणि त्या पिशवीत पहिली होती. कवळीवाल्यांनी घरी येऊन ती खिडकीशी धरून उलटसुलट पाहिली. पिवळा पुठ्ठा शाबूत, पाठ शाबूत. फक्त पहिल्या पानावर पेन्सिलीचा काळपट पुसट गिचमिडा होता. इतक्या वर्षांत तो फिस्कटून त्याचा डागच झाला होता. रविवारी त्यांनी खोडरबर घेतलं आणि डाग काढला. काय लिहिलंय ते वाचायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि इथून सगळा घोळ सुरू झाला.

झालं असं की पुस्तक दाखवायला ते पारख्यांकडे गेले. पारखी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला माणूस. चेकवरच्या सह्या खऱ्या की खोट्या हे बघण्यात त्याची नोकरी गेली, आणि आता तो संग्राहकांच्या सह्या तपासून देतो. त्याने भिंग लावून पहिलं पान बराच वेळ पाहिलं.

"इथे काहीतरी होतं," तो म्हणाला.

"डाग होता. काढला मी." कवळीवाल्यांच्या आवाजात थोडी फुशारकी होती.

"कसला डाग?"

"पेन्सिलीचा."

पारख्याने भिंग खाली ठेवलं. चष्मा काढला. "अहो, शुद्धीवर आहात ना? हा लेखक सुरुवातीला छापखान्यात प्रुफं तपासायला होता. पेन्सिल चोवीस तास कानावर! नाव व्हायच्या आधी तो सही करत असला तर कशाने करत असेल?"

कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जगात कोणाकडे नाही ती सही आपल्याकडे होती आणि आपण ती खोडरबराने घासून, फुंकर मारून खिडकीबाहेर उडवली? की नव्हती? सही असती तर डाग एवढा लांबलचक कशाला असता? पण लेखक माणूस, चार शब्द जास्त लिहिले असतील. पण ताईकडे लेखकाची सही येईल कुठून? पण मग आली नसेलच कशावरून? असा डोक्यात भुगा करत ते घरी पोचले, तर टेलिफोन वाजत होता. ताईचाच.

"छोट्या," ती म्हणाली. साठीला टेकलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं. "तुला ती पिवळी कादंबरी दिली ना, तिच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय बघ काहीतरी. गुरुवारी येशील तेव्हा पुस्तक घेऊन ये आणि मला वाचून दाखव."

"कोणी लिहिलंय?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"वाचलंस की कळेल तुला. अरे, त्यात आईची आठवण आहे. मला काही केल्या आठवत नाही काय लिहिलं होतं ते." मग म्हणाली, "डोळे गेल्यापासून ना, छोट्या, आईचा चेहराच धूसर होत चाललाय माझ्या डोक्यात. एवढं एक ऐकलं तर परत येईल असं वाटतं. विसरू नकोस हं."

टेलिफोन ठेवल्यावर ते तिथेच खुर्चीत बसले. म्हणजे आता सहीचा प्रश्नच राहिला नाही. प्रश्न ताईचा होता. जिने यांना हाताला धरून अक्षरं शिकवली तिने आयुष्यात पहिल्यांदा यांच्याकडे काही वाचून मागितलं होतं, आणि जे वाचायचं ते यांनीच पुसून टाकलं होतं.

"मग सांगा की तसं," बायको म्हणाली. "पुसलं म्हणावं चुकून."

"तू बोलतेस सोपं. तिला काय वाटेल?"

"काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचलंही नाही?"

"नाही."

"धन्य आहे तुमची!" असं म्हणून ती उठली. तिला राग आला होता, आणि तो वाजवी होता हे यांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या तेव्हा कवळीवाल्यांनी पुस्तक कामाच्या टेबलावर घेतलं. पेन्सिल पुसली तरी तिच्या टोकाने कागद दबलेला असतो, हे त्यांना ठाऊक होतं. मेणावर नख लागलं तरी त्यांना खूण दिसते, मग कागदावर का दिसू नये? त्यांनी दिव्याची मान वाकवून उजेड पानावर अगदी आडवा सोडला आणि भिंग डोळ्याला लावलं. आधी काहीच दिसेना. मग पुस्तक जरा फिरवलं आणि पानाच्या टोकाला बारीक सावल्या उठल्या. शेवटचा शब्द होता "आहे".

सही नव्हती म्हणजे. त्यांना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. वाक्य होतं. पण कसलं? अक्षरं मोठमोठी, वेडीवाकडी, सगळी डावीकडे कललेली. हात थरथरत असावा. लिहिणारा घाबरलेला असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं, रहस्यकथांवर वाढलेला माणूस दुसरं काय ठरवणार! पहिला शब्द लागला तेव्हा त्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. "खुनी". मधला शब्द दोनच अक्षरांचा होता. पहिलं अक्षर "ता". दुसऱ्यावर त्यांनी दिवा इकडून धरला, तिकडून धरला, पुस्तक उलटं केलं, श्वास रोखला. "ई".

खुनी ताई आहे.

समोर टेबलावर कोणा आजोबांची बत्तीशी हसत होती. कवळीवाल्यांनी ती उलटी करून ठेवली.

पुढचे दोन दिवस त्या माणसाचं काय झालं ते विचारू नका. एका कवळीत वरचे दात खाली बसवले. आजोबांना भलत्याच आजीबाईंची कवळी दिली, ती त्यांना बसलीही, आणि ते खूश होऊन गेले, मग त्यांच्या मागे धावत जावं लागलं. डोक्यात एकच चक्र. ताईने कोणाला मारलं? आणि हे पेन्सिलीने लिहिलं कोणी? "आईची आठवण" म्हणाली ती. म्हणजे आईने? आईने लिहिलं की ताई खुनी आहे? मग घरात मेलं कोण होतं? मेले होते ते एकच, बाबा. पण बाबा आजाराने गेले. सगळ्यांना माहीत होतं. पण आजारात औषध कोण द्यायचं? ताई द्यायची. इथे कवळीवाल्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती काही केल्या गप्प बसेना. त्यांना आठवलं, बाबांच्या औषधाची तपकिरी बाटली होती. आणि स्वच्छ आठवलं, ताई ती बाटली नळाखाली धरून धूत होती, घाईघाईने, आतून ब्रश घालून. त्यांच्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांत कोणीतरी बाटली धूत होतं आणि का धूत होतं ते शेवटच्या प्रकरणात कळत होतं.

"मी काय म्हणतो," त्यांनी जेवताना बायकोला विचारलं, "ताई तुला कशी वाटते?"

"म्हणजे?"

"म्हणजे स्वभावाने. रागीट वगैरे?"

बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. यांनी मग सगळं सांगितलं, बाटलीसकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डोकं फिरलंय तुमचं. ज्या बाईने तुमच्यासाठी जन्म काढला, तिला तुम्ही बाबांच्या खुनात अडकवताय? लाज नाही वाटत?"

"वाटते ना," कवळीवाले म्हणाले. आणि त्यांना खरंच वाटत होती. मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. पण लाज वाटली म्हणून पानावरची अक्षरं बदलत नव्हती. ती तिथे होती. त्यांनी स्वतः काढली होती, दिव्याखाली, एकेक करून. ही अक्षरं ताईला वाचून दाखवायची? आणि नाही दाखवली तर काय सांगायचं?

गुरुवारी पुस्तक दोन फडक्यांत गुंडाळून ते पुलापलीकडे ताईच्या खोलीवर गेले. तळमजल्यावरची एक खोली, खिडकीशी वेताची खुर्ची, हाताशी रेडिओ, आणि प्रत्येक वस्तू जागच्या जागी, कारण इकडची तिकडे झाली तर तिला सापडायची नाही. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"आलास? पाय ओढत का चालतोयस? पुस्तक आणलंस?"

"आणलंय."

"मग वाच की. मी केव्हाची वाट बघतेय."

त्यांनी फडकी सोडली, पान उघडलं. पान कोरं होतं. दिव्याशिवाय त्यावर काही दिसत नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा जे तोंडात आलं ते सांगून टाकलं. "लेखकाची सही आहे, ताई."

"कोणाची?"

"लेखकाची. पेन्सिलीने केलीय."

"डोक्यावर पडलास का रे? लेखक आपल्याकडे कशाला मरायला आला होता? नीट वाच, चष्मा लाव."

"चष्मा आहे," ते म्हणाले. "ताई, तू सांग ना आधी, तुला काय आठवतंय? म्हणजे मला... पुसट आहे, म्हणून जरा."

ताईने हात मांडीवर ठेवले. "बाबा गेले त्यानंतरचं आहे ते. तू एवढासा होतास. आई बोलायचीच बंद झाली होती. जेवायला वाढलं तर जेवायची, नाहीतर भिंतीकडे बघत बसायची. मला वाटायचं, आता ही पण जाते. कामावर माझं लक्ष लागायचं नाही. तुला मी हीच कादंबरी वाचून दाखवत होते आणि शेवटच्या प्रकरणाशी येऊन अडून बसले होते. तू आधी पाढे पाठ कर, मग वाचते म्हटलं. तू काय तमाशा केलास! जेवला नाहीस. एक दिवस कामावरून घरी आले, तर बाहेरूनच आवाज. कोणीतरी हसतंय. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच दारात आले. आत येऊन बघते तर आई जमिनीवर बसलेली, हातात हे पुस्तक, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. थांबताच येईना तिला. पहिलं पान माझ्यापुढे धरलं. मी वाचलं, मीपण हसायला लागले. आणि तू कोपऱ्यात तोंड फुगवून उभा. लिहिलं होतंस तूच. पण काय, ते गेलं डोक्यातून. ती हसली एवढंच राहिलंय आणि तेही आता लांबून ऐकू आल्यासारखं. कशाला हसलो ते आठवलं तर..." 

"मी लिहिलं होतं?" कवळीवाल्यांनी चष्मा सारखा केला.

"मग काय मी? डावखुरा होतास तेव्हा. शाळेतल्या बाईंनी पुढे मारून मारून उजवा केला तुला."

त्यांनी पानाकडे पाहिलं. डावीकडे कललेली अक्षरं. थरथरता, घाबरलेला हात. काय घाबरलेला! नुकता लिहायला शिकलेला हात होता तो. तो रागावला होता.

"खुनी ताई आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तेच लिहिलंय, ताई. खुनी ताई आहे."

 ताईचे खांदे हलले. तोंडातून आधी आवाजच आला नाही, नुसता श्वास, आणि मग पोटातून हसू वर आलं ते थांबेचना. डोळे मिटून, पदर तोंडाला लावून ती हसत राहिली. कवळीवाल्यांना आई हसलेली आठवत नव्हती, कधीच आठवली नव्हती, पण हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं. हे ताईचं नव्हतं. ते एकदम लहान मुलासारखे रडायला लागले.

"अरे, तू का रडतोस? हो रे हो, खुनी ताई आहे! असंच होतं! आई म्हणाली, पोराने बरोबर पकडलं तुला. आणि मग तिनेच बसून तुला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. त्या दिवसापासून ती पुन्हा बोलायला लागली."

मग कवळीवाल्यांना पोटात काही ठेवता येईना. बाटलीपासून सगळं त्यांनी सांगून टाकलं. 

"मी? बाबांना? अरे गाढवा, बाटली स्वच्छ धुऊन नेली तरच औषधवाला त्यात पुढचं औषध भरून द्यायचा! देवा रे, बरं झालं तू पोलिसांत नोकरीला लागला नाहीस, गावभर लोक फासावर चढले असते!" आणि ती पुन्हा हसली, पार ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसत तिने हात पुढे केला. "कुठे आहे ते? माझं बोट ठेव त्याच्यावर."

कवळीवाल्यांनी कोऱ्या पानाकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. कुठेही बोट ठेवलं असतं तरी तिला काय दिसणार होतं? पण आज त्यांच्याने ते होईना.

"ताई, मी ते पुसलं. डाग समजून. ते आता दिसत नाही, नुसता कागद दबलाय, दिव्याखाली वाचलं मी."

"पुसलंस?"

"हो."

"न वाचता?"

"न वाचता."

ताईचा चेहरा उतरला.  शेजारच्या बाईंनी आणून ठेवलेला चहा निवून गेला. "लोकांच्या सह्या तळहाताच्या फोडासारख्या जपतोस," ती शेवटी म्हणाली, "आणि आपल्या घरातलं एवढं एक होतं, तेवढंच पुसलंस. मला फार वाईट वाटलं, छोट्या."   तिने पुन्हा हात पुढे केला तेव्हा त्यांनी तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं. तिने ते हळूहळू फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. तिला काही लागलं की नाही ते तिने सांगितलं नाही.

"घरातला खुनी सापडला," ती मग म्हणाली. "पण कादंबरीतला कोण होता रे?"

कवळीवाल्यांनी डोकं खाजवलं. एवढं कपाट भरलंय, पण आठवेना. "नाही बुवा आठवत."

"मलाही नाही. वाच मग. पहिल्यापासून."

"वाचायचं म्हणजे पूर्ण उघडावं लागेल, ताई. पाठ तडकेल. पहिली आवृत्ती आहे ही."

"बरं मग, राहू दे," ताई म्हणाली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं, दोन्ही बाजूंना हात ठेवले आणि दाबलं. कडकन आवाज झाला. काळजात एक कळ आली खरी, पण ती तेवढीच. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं.

मग दवाखाना सुटला की ते रोज पुलापलीकडे जाऊ लागले. पारख्याने विचारलं, पहिलीचं काय केलं, तर हे म्हणाले, वाचतोय. त्याला वाटलं यांना बरं नाही. बायको मात्र त्यांच्या पिशवीत दोघांसाठी डबा घालून देऊ लागली. गोष्ट रंगत गेली. माळ्यावर संशय आला, मग भाच्यावर आला, मग वकिलावर. दोघं वाद घालायची. ताई म्हणायची वकील, हे म्हणायचे माळी. आणि एका संध्याकाळी सगळी मंडळी दिवाणखान्यात जमली, दार लावलं गेलं, तपास करणारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, खुनी याच खोलीत आहे. प्रकरण संपलं. कवळीवाल्यांनी पुढच्या प्रकरणाचं पान उलटायला बोट घातलं, तोच ताईने हात पुढे करून पुस्तक मिटलं.

"बाकीचं उद्या."

"ताई! असं काय करतेस? एकच प्रकरण राहिलंय!"

"उद्या म्हटलं ना. उद्या ये."

"अगं, मी साठीचा आहे आता!"

"मग काय झालं? उद्या पण साठीचाच असशील."

त्यांचा असा संताप झाला की विचारू नका. तोच जुना, पोटातून येणारा. ते उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले आणि ताई खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होती. मग ते थांबले. खिशातून पेन्सिल काढली, साच्यांवर खुणा करायची कामाची पेन्सिल. पुस्तक टेबलावर ठेवून त्यांनी पहिलं पान उघडलं आणि पेन्सिल डाव्या हातात घेतली. त्या हाताला सवय नव्हती, तो थरथरला, अक्षरं मोठी झाली आणि डावीकडे कलली.

"काय करतोयस रे?" ताईने कान टवकारून विचारलं. "काहीतरी लिहितोयस तू."

"काही नाही," कवळीवाले म्हणाले. जुन्या खाचांवरून पेन्सिल फिरवत त्यांनी तिन्ही शब्द पुरे केले, आणि या वेळी खाली सही केली.